विमानाच्या कूलरला हळदकुंकू

१० ऑक्टोबर २०११, सोमवार. दसऱ्याच्या सुट्टीनंतर कारखाना पुन्हा सुरू झाला होता आणि मी ॲसिटोनचा डबा, सुती चिंध्या आणि एक जुना टूथब्रश घेऊन यंत्रांवरचं कुंकू काढायला बसले होते.

हे काम दर वर्षी माझ्याच वाट्याला यायचं. पूजेला सगळे, पुसायला मी. मालकांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकही वस्तू सोडलेली नसायची. लेथ, ड्रिल, वजनकाटा, कॉम्प्युटरचा मॉनिटर, आग विझवायचं नळकांडं, पिण्याच्या पाण्याचा कूलर. प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांना दोन-दोन बोटं, एक हळदीचं, एक कुंकवाचं. तेही कोरडं नाही, वाटीत पाणी घालून सरसरीत केलेलं. "सुकं लावलं तर टिकत नाही हो," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. ओलं टिकत होतं खरं. माझ्या मायक्रोमीटरच्या डबीवर आदल्या वर्षीचं अजून होतं.

कुंकवाशी माझं भांडण नाही. घरी देवघर आहे, रोज पूजा होते, माझ्या कपाळावरही टिकली असते. पण कपाळाने मला काही मोजायचं नसतं.

पूजेच्या दिवशी मी कारखान्यात जात नसे. वर्षभर एकमेकांच्या चुका एकमेकांच्या गळ्यात घालणारी माणसं त्या दिवशी आपट्याचं पान देऊन गळ्यात पडतात, ते मला बघवत नाही. त्या वर्षीही मी नवीन पनवेलला घरी बसून पुऱ्या तळत होते. गेले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मालक नंतर चारचौघांत म्हणाले. म्हणजे पूजा त्यांनी करायची आणि पूजेतलं डोकं मी आणायचं.

पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना मुळात ऑइल कूलर बनवायचा. कॉम्प्रेसरचे, ट्रकचे, जनरेटरचे. सभ्य, खपणारा माल. मी तिथे दर्जा तपासायचे. मेटलर्जीचा डिप्लोमा होता, आणि 'नाही' म्हणायची सवय लहानपणापासूनची. ऑइल कूलरवर सगळ्यांचं व्यवस्थित चाललेलं असताना मालकांना विमानं दिसायला लागली. कुठल्याशा परिषदेत त्यांना एका मोठ्या संशोधन संस्थेची माणसं भेटली. अतिवेगवान विमानासाठी एक कूलर हवा आहे, नमुना कोणी करून देईल का, असं ती विचारत होती. तिथे बसलेल्या शहाण्यांनी खाली बघितलं. आमच्या मालकांनी हात वर केला.

आठवड्याच्या आत फाटकावर फलक लागला. त्यावर इंटरनेटवरून उचललेलं एक टोकदार विमान, आणि त्याच्या शेपटीवर आमच्या कारखान्याचं नाव.

काम मात्र फलकाएवढं मूर्ख नव्हतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, हे ज्याने हाताने हवा भरली आहे त्याला ठाऊक असतं. दाबली की हवा तापते. आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या तोंडात शिरणारी हवा अशीच दाबली जाते आणि इतकी तापते की ती तशीच आत गेली तर इंजिनाचंच मातेरं होईल. म्हणून इंजिनाच्या आधी एक कूलर ठेवायचा. त्यात एका थरातून ती तापलेली हवा जाणार, शेजारच्या थरातून थंड हेलियम वायू, आणि दोघांच्या मध्ये कागदासारखा पातळ, निकेलच्या मिश्रधातूचा पत्रा. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात उष्णता या थरातून त्या थरात गेली पाहिजे. विमानात जागा नाही आणि वजन चालत नाही, म्हणून थर बारीक आणि दाटीवाटीने. खारी बिस्किट मोडून बाजूने बघा, साधारण तसं. फरक इतकाच की खारीचे थर सुटले तर चहात पडतात.

एवढ्या पातळ पत्र्यांना वेल्डिंग करता येत नाही. दर दोन पत्र्यांमध्ये जोडधातूची चकचकीत पट्टी ठेवायची, सगळी चवड घट्ट आवळायची आणि निर्वात भट्टीत घालायची. जोडधातू आधी वितळतो आणि फटींमध्ये आपणहून ओढला जातो, वातीत तेल चढतं तसा. थंड झालं की सगळ्या थरांचा एक ठोकळा होतो. त्याला आम्ही कोअर म्हणायचो. पत्रा स्वच्छ असेल तरच हे होतं. बोटाचा ठसा राहिला तरी तेवढ्या जागी जोड बसत नाही.

त्यासाठी एक बंद खोली केली होती. तिथे थर रचायला उरणकडच्या खाडीकाठच्या गावांतल्या कोळी बायका होत्या. त्यांची म्होरकी एक पन्नाशीची बाई होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. जाळी विणणाऱ्या बोटांच्या उपजत कौशल्याबद्दल मालक पाहुण्यांना भाषण द्यायचे. मावशींनी आयुष्यात जाळं विणलं नव्हतं. त्यांनी मासळी विकली होती, आणि खाडीत भराव पडल्यावर ती विकायला उरली नाही म्हणून त्या आमच्याकडे आल्या. मी त्यांना घेतलं ते डोक्यावर टोपी, हातात मोजे आणि तोंडावर फडकं बांधून दिवसभर न बोलता उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. त्या तयार झाल्या. फडक्याच्या आडून बोलत राहायच्या, ते वेगळं.

त्या कोअरवर पावसाळाभर काम चाललं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चवड पूर्ण झाली, आवळली, मी स्वतः तपासली आणि प्लॅस्टिकखाली झाकून खोलीला कडी घातली. सोमवारी मी समोर उभी राहून ती भट्टीत घालणार होते. बुधवारी संस्थेची माणसं ती न्यायला येणार होती.

तर त्या सोमवारी कुंकू पुसत पुसत मी बंद खोलीपाशी आले आणि बघितलं, तर टेबल रिकामं.

भट्टीवाला बाहेर तंबाखू मळत होता.

"कोअर कुठंय?"

"भट्टीत."

"कोणी घातला?"

"मी. गुरुवारी. साहेब म्हणाले, दसऱ्याचा मुहूर्त आहे, आजच पेटली पाहिजे."

"पेटली पाहिजे म्हणजे? चूल आहे का ती?"

"मला काय विचारता मॅडम. मी बटण दाबलं."

साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी सोनं घ्यावं, गाडी घ्यावी, सून बघायला जावं. निर्वात भट्टीला मुहूर्त कळत नाही, तिला पंप आणि तापमान कळतं. पण झालं होतं ते झालं होतं. शनिवारपर्यंत भट्टी निवली होती. आम्ही दार उघडलं.

कोअर दिसायला सुरेख होता. सगळीकडून राखाडी-रुपेरी, कुठे वाकलेला नाही, सरकलेला नाही. मी क्षणभर मनात म्हटलंही की मूर्खांना देव साथ देतो. मग गळती तपासायला बसले. हेलियमच्या बाजूच्या वाटा बंद करून आत हेलियम भरायचा आणि बाहेरून सांध्या-सांध्यांवर एक बारीक नळी फिरवायची. यंत्राला कुठे हेलियमचा वास लागला की ते ओरडतं.

पहिल्याच कोपऱ्याला ते ओरडलं. बोटभर पुढे सरकले, पुन्हा ओरडलं. मग कडेच्या लांबीभर गप्प. दुसऱ्या कोपऱ्याला पुन्हा दोनदा. चारही कोपऱ्यांना तेच, आणि मधल्या सगळ्या कडा ठणठणीत.

मालक आले तेव्हा त्यांच्याबरोबर डॉक्टर होते. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. कुठूनसे निवृत्त झालेले, पुण्याहून महिन्यातून दोनदा येणारे आमचे सल्लागार. त्यांच्याकडे लाल ठिपका टाकणारी एक पेनासारखी बत्ती होती आणि ती त्यांच्या हातातून कधी सुटत नसे. समोर ठेवलेला चहासुद्धा ते तिनेच दाखवायचे.

मी निकाल सांगितला. मालकांचा चेहरा उतरला. डॉक्टरांचा उजळला, कारण आता त्यांना बोलायला मिळणार होतं.

"सांधा भरला नाही म्हणजे पृष्ठभागावर काहीतरी होतं," ते म्हणाले. लाल ठिपका कोअरवरून फिरला. "ग्रीज, तेल, असं काही. मानवी संपर्क. रचणारे कोण आहेत?"

"त्या बायका," मालक म्हणाले. मग त्यांना काहीतरी सुचलं, आणि सुचल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. "मासळी. डॉक्टर, कोळणी आहेत त्या. सकाळी घरून मासे साफ करून येतात. मासळीचं तेल साबणाने जातं का?"

"अवघड आहे," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात त्यांनी मासा ताटातसुद्धा बघितला नव्हता.

"त्या मोजे घालतात," मी म्हटलं.

"मोजे कोणत्या हाताने घालतात? त्याच ना?"

"आणि गळती फक्त कोपऱ्यांना आहे. मासळी काय फक्त कोपऱ्यांना लागते?"

"मॅडम, तुम्ही त्यांची बाजू घेता हे मला माहीत आहे," मालक म्हणाले. "मला माणसं कामावरून काढायला आवडत नाही. पण विमानाचं काम आहे. उद्यापासून त्यांना नको म्हणून सांगा. मी मुलींची भरती करतो, शिकलेल्या. आणि कोपऱ्यांना बाहेरून एपॉक्सीचा गोंद भरा. वर रंग मारा. बुधवारपर्यंत सुकतं."

"एपॉक्सी?" मी डॉक्टरांकडे बघितलं. "त्यातून भाजून काढणारी हवा जाणार आहे. एपॉक्सीचा धूर होईल, आणि आतला दाब कोपरा फोडून बाहेर येईल. समोर माणसं उभी असतील."

डॉक्टरांनी लाल ठिपका छताकडे नेला. "सुरुवातीच्या चाचण्या ते थंडच घेतील," ते म्हणाले. "नंतरचं नंतर."

हा माणूस शिकवायचाही म्हणे.

दारातून बाहेर पडता पडता मालक वळले. "आणि हो. बुधवारी पाहुण्यांचं जेवण नेऱ्याला फार्महाउसवर आहे. जिताडा मासा लागेल, मावशींना आधी सांगून ठेवा. चांगला मोठा आणायला सांगा. ते झालं की मग काढायचं बोला."

मी अनेक मालकांकडे काम केलं आहे. निर्लज्जपणा सगळ्यांत असतो, पण इतका व्यवस्थित, क्रमवार लावलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

मी परत चिंध्या घेऊन बसले. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही, आणि राग आला की मला पुसायला लागतं. पत्रा कापायचं शिअरिंग मशीन राहिलं होतं. वरच्या डाव्या कोपऱ्याला हळदीचं बोट, त्याच्या शेजारी कुंकवाचं. उजव्या कोपऱ्याला तसंच. खाली तसंच. ब्रशने घासता घासता माझा हात थांबला.

उठले, कोअरपाशी गेले आणि गळतीच्या खुणांवर माझी दोन बोटं ठेवली. बरोबर बसली.

भट्टीवाला अजून तिथेच होता.

"गुरुवारी कोअर भट्टीत घालायच्या आधी कुठे होता?"

त्याने तंबाखू गालात सरकवली. "हॉलमध्ये. पाटावर मांडला होता. साहेबांनी आणला, सगळ्यांना बघायला मिळावा म्हणून. वहिनींनी पूजा केली, फुलं वाहिली. फुलं मी काढली हं, मॅडम. सगळी काढली."

"आणि कुंकू?"

"ते वाळलं होतं."

"पुसलं का नाहीस?"

"देवाचं कुंकू," तो म्हणाला, "कसं पुसणार?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भट्टीत काही ठिकाणी जोडधातू जायला नको असतो, म्हणजे एखाद्या भोकात किंवा स्क्रूच्या आट्यांमध्ये. तिथे आम्हीच मुद्दाम एक पांढरी, खडूसारखी पूड पाण्यात कालवून लावतो. तिच्यावरून जोडधातू पुढे सरकत नाही. अस्सल कुंकू म्हणजे हळद आणि चुना, आणि बाजारातलं कुंकू म्हणजे रंग आणि खडूची भुकटी. पूजेच्या स्वस्त हळदीतही तीच भुकटी. वहिनींनी ते पाण्यात कालवून नेमकं कोपऱ्यांच्या फटींवर लावलं होतं, आणि ज्या वाटेने जोडधातू ओढला जायचा त्याच वाटेने ते पाणी चुना घेऊन आधी आत जाऊन बसलं. भट्टीत रंग जळाला, चुना राहिला. पगार देऊन माणूस ठेवला असता तरी त्याने इतक्या चोख जागा हेरल्या नसत्या.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. डॉक्टर लाडू खात होते. मी सरळ सांगितलं. बोटं, पाट, चुना, सगळं.

मालक म्हणाले, "दार लावा."

मी लावलं.

"तुम्ही म्हणताय की पूजेमुळे विमान बिघडलं."

"विमान नाही. कूलरचे चार कोपरे. आणि पूजेमुळे नाही, कुंकू न पुसल्यामुळे."

"हे मी संस्थेला सांगू? परदेशात शिकलेली माणसं आहेत ती. आम्ही दसऱ्याला कुंकू लावलं म्हणून गळतंय? हसतील."

"मग हसू द्या."

"आणि घरी काय सांगू? तुझ्या हाताने लावलेलं कुंकू अपशकुनी निघालं? तिची झोप उडेल. ती आधीच उपास करतेय या ऑर्डरसाठी."

"त्यापेक्षा मासळी बरी."

"मासळीचं कोणाला वाईट वाटत नाही," ते म्हणाले. हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. त्यांच्या यादीत वाईट वाटून घेणारी माणसं ठरलेली होती आणि मावशी त्यात नव्हत्या.

"शिवाय पुरावा काय?" डॉक्टर लाडू गिळून म्हणाले. "रंग तर जळाला. तुम्ही म्हणता चुना, आम्ही म्हणतो तेल. कापून बघितल्याशिवाय कोण सांगणार? आणि कापला तर द्यायचं काय?"

"कापायचा विचारसुद्धा करू नका," मालक म्हणाले.

डॉक्टर त्या दिवशी एवढं एकच कामाचं वाक्य बोलले, आणि त्याचा उपयोग काय होईल हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

बाहेर आले तर बंद खोलीबाहेर मावशी आणि बाकीच्या बायका टोप्या काढून उभ्या होत्या. शिपायाने दाराआडून ऐकून माझ्याआधीच सगळं पोचवलं होतं. आमच्याकडे चहा वेळेवर पोचत नसे, पण बातमी पोचायची.

"मॅडम," मावशी म्हणाल्या, "आमच्या हातांना वास येतो म्हनं."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुमी नाय. सायब." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मोज्यांत दिवसभर घामेजून पांढरे पडलेले. "गनपती झाल्यापासनं दर रविवारी सायबांच्या घरी मासली जाते, ती कोन नेतं? मी नेते. वैनी माज्याच हातातनं घेते. तवा वास येत नाय?"

मागून एक तरुण बाई म्हणाली, "तवा भूक लागलेली आस्ते."

बाकीच्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. "हसू नका गो. उद्या घरी बसायचं हाय." मग माझ्याकडे वळल्या. "हितनं मासलीच्या वासावरनं काढल्या म्हनून बाहेर समजलं, तर वसाहतीत दुसरा कोन घेल आमाला? जो तो हात हुंगत बसंल. पगार गेला तर दुसरा बगू. पन हा शिक्का नको, मॅडम. काय चुकलं आसंल तर सांगा. नाय चुकलं तर तसं सांगा."

"नाही चुकलं."

"मंग तसं त्यांना सांगा."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"आसं," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी जसं बघितलं तसं बाजारात शिळी मासळी ताजी म्हणून सांगणाऱ्याकडे बघतात. "म्हंजे सांगून झालं तुमचं."

मला ते लागलं. मी हे कबूल करते कारण ते खोटं नव्हतं. सांगणं म्हणजे काम झालं असं मानणारी माणसं मी आयुष्यभर बघत आले, आणि त्या क्षणी मी डॉक्टरांच्या रांगेत उभी होते. हातात लाल बत्ती तेवढी नव्हती.

"उद्या नेहमीच्या वेळेला या," मी म्हटलं.

"सायब नको म्हनाले ना?"

"साहेबांनी मला सांगायला सांगितलं. मी तुम्हाला सांगितलेलं नाही. शिपायाचं ऐकून कोणी कामावरून जात नाही."

जिताड्याचंही सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी भाजी चिरताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मुंबईत एका कचेरीत आहे, आणि कचेरीत राहून माणसाचं जे होतं ते त्याचं झालं आहे. "तुझं काय जातंय?" तो म्हणाला. "त्यांचा कारखाना, त्यांचं विमान. लाव एपॉक्सी आणि मोकळी हो." मी त्याला उरलेली भाजी चिरायला दिली. त्याने तीही वाईट चिरली.

एका गोष्टीबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. कोअर बुधवारी त्या कारखान्यातून अख्खा बाहेर पडला की सगळं संपलं. मग तो कुठे फुटेल, कोणासमोर फुटेल, हे माझ्या हातात राहणार नाही, आणि फुटला की पुन्हा मासळीचंच नाव निघेल. तोपर्यंत मावशींच्या बायका कुठल्या तरी गोदामात झाडू मारत असतील, नाहीतर तेही मिळालेलं नसेल. चाचणीत नापास झालेल्या मालाचं काय करायचं हा निर्णय कारखान्याच्या नियमाप्रमाणे माझा होता. तो नियम मालकांनीच भिंतीवर काचेत लावला होता, पाहुण्यांनी वाचावा म्हणून. मालकांनी वाचला नसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघाले. वॉचमनने फाटक उघडलं, फलकावरचं विमान सुट्टीतल्या वाऱ्याने एका बाजूला लोंबत होतं. मी कोअर उचलला आणि तारेने धातू कापायच्या यंत्राला लावला. पितळेची केसासारखी तार असते, पाण्याखाली ठिणग्या पाडत हळूहळू कापते आणि काप अगदी स्वच्छ येतो. एक कोपरा तिरका उतरवला, पनीरची वडी कापावी तसा. चहा पिऊन होईपर्यंत तो सुटून हातात आला.

भिंगाखाली धरला. आतले सगळे सांधे भरलेले, गोलसर, चमकदार, जसे असावेत तसे. मावशींच्या रचण्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त कडेपासून बोटभर आतपर्यंत दोन पट्टे कोरडे, पांढुरके, आणि जोडधातू त्यांच्या सीमेवर येऊन थांबलेला. इतकं मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते शेजारच्या हवेच्या वाटेत अडकलं होतं. काळा, कोळसा झालेला, पण आकार न मोडलेला तांदळाचा एक दाणा. दाणा तरी कसला, कणी. अक्षता अखंड असाव्यात म्हणतात. वहिनींनी तिथेही रेशनचा तांदूळ वापरला होता.

आता यावर मासळीचं तेल कोण ओतणार होतं ते मला बघायचं होतं.

तो कोपरा मी मालकांच्या केबिनमध्ये नेला आणि गणपतीच्या तसबिरीपुढे, हळदकुंकवाच्या वाटीशेजारी ठेवला. कणी दिसेल असा वर करून, आणि वर भिंग. मग त्यांच्याच फोनवरून संस्थेत फोन लावला. माझं नाव आणि काम सांगितलं, आणि म्हटलं की कोअर गळती चाचणीत नापास झाला आहे, दोष भट्टीत घालण्याआधी कोपऱ्यांना लागलेल्या चुन्याचा आहे, रचणी निर्दोष आहे, आणि कापलेला तुकडा बघायला ठेवला आहे. बुधवारी कशाला येता, नवा झाला की कळवू.

पलीकडे एक तरुण आवाज होता. हसला नाही. "चुना कुठून आला?" त्याने विचारलं.

"दसऱ्याची पूजा," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला. "आमच्याकडे गेल्या वर्षी मोजणीच्या यंत्रात झेंडूची पाकळी सापडली. नवा कधीपर्यंत होईल?"

बस. एवढंच. याच्यासाठी मालक बायकोची झोप आणि बायकांची पोटं पणाला लावायला निघाले होते.

बाहेर सहा आसनी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मावशी आणि बाकीच्या उतरल्या, फाटकाशी जराशा घुटमळल्या. मी दारातूनच हाक मारली. मावशींना आधी केबिनमध्ये नेऊन तो कोपरा दाखवला. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं.

"ह्या काला काय?"

"अक्षत."

त्यांनी मान वर केली, तसबिरीकडे बघितलं, मग वाटीकडे. "आनि वास आमच्या हातांना," त्या म्हणाल्या, आणि पदराने भिंगावरचा आपल्या श्वासाचा डाग पुसून टाकला.

मग आम्ही बंद खोलीत गेलो. मी आतून कडी घातली, सगळ्यांना नवे मोजे दिले, स्वतः घातले, आणि नव्या चवडीचा पहिला पत्रा ॲसिटोनमध्ये बुडवला.